उदासी पोसणाऱ्या सवयी: नैराश्यासोबत जगताना त्या एकेक करून कशा सोडवायच्या

नैराश्य आलं की माणूस काही गोष्टी करायला लागतो आणि काही करायच्या सोडून देतो. दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहणं, फोन वाजला तरी न उचलणं, आंघोळ उद्यावर ढकलणं, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत बसणं, झालेल्या गोष्टी मनात घोळवत राहणं. हे सगळं आजारामुळे होतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण एकदा अंगवळणी पडलं की हेच आजाराला खतपाणी घालतं. मी स्वतः बरीच वर्षं नैराश्यासोबत जगते आहे, औषधं घेतली आहेत, समुपदेशनही घेतलं आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे: हुरूप येण्याची वाट बघत बसू नये. नैराश्यात हुरूप कामाच्या आधी येत नाही. आलाच तर काम सुरू केल्यावर येतो. म्हणून इथे मनाची तयारी कशी करायची ते नाही सांगितलेलं. हात-पाय कसे हलवायचे तेवढंच सांगितलं आहे.

पुढे वाचण्याआधी एक. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर सवयींचं नंतर बघू. आत्ता 14416 हा टेली-मानसचा नंबर लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर 112 लावा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. घरात जे काही घातक असेल ते दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या आणि आजची रात्र एकटे राहू नका. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सवय आजाराला कशी पोसते

मावसबहिणीचा फोन वाजतोय. स्क्रीनवर तिचं नाव बघूनच छातीत धस्स होतं. आता ती विचारणार काय चाललंय, आणि सांगण्यासारखं काहीच नाही. तुम्ही फोन उलटा करून ठेवता. रिंग थांबते, आणि सुटल्यासारखं वाटतं.

ते सुटल्यासारखं वाटणं हीच खरी गोम आहे. मन लगेच शिकतं की फोन न उचलला की बरं वाटतं. पुढच्या वेळी फोन उचलणं आणखी जड जातं. चार मिस्ड कॉल साठले की त्यात अपराधीपणाची भर पडते, आता काय तोंडाने फोन करू असं होतं. मग बहीणही फोन करायची थांबते. महिन्याभराने तुम्हाला वाटतं, मला कुणीच विचारत नाही.

अंथरूण, मोबाइल, दारू, टाळाटाळ, या सगळ्यांचं काम असंच चालतं. आत्ताचे दोन मिनिटं बरे जातात आणि त्याची किंमत संध्याकाळी किंवा पुढच्या आठवड्यात मोजावी लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी 1970 च्या दशकात हेच मांडलं होतं: ज्या गोष्टींतून थोडंफार समाधान, थोडी शाबासकी, थोडा सहवास मिळतो त्या आयुष्यातून कमी होत जातात आणि नैराश्य मुक्काम ठोकतं. त्यातून पुढे 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' नावाची उपचारपद्धती उभी राहिली. तिचा गाभा साधा आहे. टाळलेल्या गोष्टी ठरवून, छोट्या मापात, मूड कसाही असला तरी पुन्हा सुरू करायच्या.

ही गोष्ट फक्त परदेशातल्या महागड्या दवाखान्यांत चालते असं नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम राबवला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना समुपदेशन देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीवालेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, केंद्रात नाहीतर घरी. 2017 साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्याच्या पातळीखाली आले होते, तर हा कार्यक्रम न मिळालेल्या गटात ते प्रमाण 39 टक्के होतं. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याकडच्या, बसने ये-जा करणाऱ्या, घरात माणसांची वर्दळ असणाऱ्या लोकांवर झालेला आहे.

आधी शरीराची तपासणी

थायरॉइडचं काम मंदावलं, बी-12 कमी पडलं, हिमोग्लोबिन उतरलं, तरी थकवा येतो, उदास वाटतं, डोकं चालत नाही. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता खूप दिसते. तेव्हा एकदा फॅमिली डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मधूनमधून याच्या अगदी उलट काळ येत असेल, म्हणजे झोप न घेताही प्रचंड उत्साह, भरमसाट बोलणं, अवाच्या सवा खर्च, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो बायपोलर (द्विध्रुवीय) आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो बिघडू शकतो.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

एक साधी वही घ्या. दर एक-दोन तासांनी एक ओळ: काय करत होते, आणि मन कसं होतं त्याला 0 ते 10 मध्ये गुण. दोन शब्द पुरतात. एखादं पान असं दिसेल:

7.00 – जाग आली, पडूनच, मोबाइल – 2
9.30 – उठले, चहा – 3
11.00 – दारावर भाजीवाली आली, मेथी घेतली, तिच्याशी बोलले – 4
12.00 ते 3.30 – झोप – 1
4.00 – डोकं जड, इन्स्टाग्राम – 1
6.00 – मेथी निवडली, रेडिओ लावला – 4
8.30 – जेवण, कुणाशी बोलले नाही – 3
11.30 ते 2.00 – मोबाइल, जुनं सगळं आठवत राहिलं – 1

या बाईंना रात्री कुणी विचारलं असतं की आजचा दिवस कसा गेला, तर त्या म्हणाल्या असत्या, सगळा वाईट. नैराश्यात आठवण तशीच काम करते, चांगलं ते गाळून टाकते. वही मात्र वेगळं सांगते. मेथी घेताना आणि निवडताना 4 आहे, झोपून उठल्यावर 1 आहे. चार म्हणजे काही आनंद नव्हे. पण एक आणि चार यांतला जो फरक आहे, तोच धरून पुढचं सगळं काम करायचं आहे.

या आठवड्यात स्वतःला सुधारायला जाऊ नका. वही लिहायची राहिली तर पुढच्या तासापासून लिहा. हाताने लिहिणं जमत नसेल तर मोबाइलवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज करा.

एकच सवय निवडा

आठवडा झाला की वही चाळा आणि ज्या ओळींपुढे 1 किंवा 2 आहे त्यांवर खूण करा. त्यात पुन्हा पुन्हा काय येतंय? तीन-चार गोष्टी सापडतील. सगळ्या एकदम सोडवण्याच्या भरीला पडू नका. सोमवारपासून पहाटे उठणं, व्यायाम, साखर बंद, मोबाइल बंद असला बेत निरोगी माणसाचाही बुधवारपर्यंत मोडतो. नैराश्यातल्या माणसाला त्या मोडलेल्या बेतातून फक्त स्वतःला कोसायला आणखी एक कारण मिळतं.

जी सवय रोज घडते आणि जिच्यात एखादा छोटा बदल लगेच करता येईल, ती घ्या. मग तिच्याबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: ती सुरू होण्याआधी काय घडतं, तिच्यातून लगेच कसली सुटका मिळते, आणि दोन तासांनी कसं वाटतं. वरच्या उदाहरणात दुपारची झोप घेतली तर असं निघेल: बारा वाजता घर रिकामं होतं, स्वयंपाकघरात सकाळची भांडी पडलेली असतात. झोपलं की ती दिसत नाहीत, ही सुटका. उठल्यावर डोकं जड, भांडी तिथेच, आणि रात्री झोप नाही.

आता बदल कुठे करायचा ते दिसतं. झोपू नकोस असं स्वतःला बजावून काही होणार नाही. बारा वाजता, घर रिकामं होतं त्याच क्षणी, दुसरं काहीतरी ठरवून ठेवावं लागेल. फक्त पेले-वाट्या घासायच्या, किंवा चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं. नुसतं 'दुपारी झोपायचं नाही' असं लिहू नका. 'बारा वाजता दार लावलं की पेले घासायचे' असं लिहा. वेळ, जागा आणि कृती तिन्ही त्यात हवं.

अंथरूण आणि सकाळ

माझ्या मते बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी, कारण सकाळ हातातून गेली की पुढचा दिवस सावरणं फार कठीण जातं. नैराश्यात बऱ्याच जणांना सकाळच सगळ्यात जड जाते आणि संध्याकाळकडे थोडं मोकळं वाटतं. त्यामुळे सकाळी सातला मन जे म्हणतं त्यावर दिवसाचा निकाल लावायचा नाही.

उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्री झोप कितीही वाजता लागली असली तरी. सध्या दहाला उठत असाल तर एकदम सहावर उडी मारू नका. साडेनऊ करा, चार दिवसांनी नऊ. उठलं की पहिलं काम अंथरूण काढायचं. गादी गुंडाळून भिंतीला लावा, पलंग असेल तर चादर ताणून उशा कपाटात टाका. पुन्हा आडवं व्हायला कष्ट पडले पाहिजेत. मग खिडकीत, गॅलरीत किंवा दारात जाऊन दहा मिनिटं उजेडात उभे राहा, चहाचा कप हातात असला तरी चालेल. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावायला मदत करतो.

आंघोळीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण लोक लाजेपोटी हे कुणाला सांगत नाहीत. चार-चार दिवस आंघोळ होत नाही आणि माणूस स्वतःला घाण, आळशी म्हणत राहतो. बाहेरच्याला आंघोळ हे एक काम वाटतं. नैराश्यात ती पंधरा कामं असतात: उठायचं, कपडे शोधायचे, गीझर लावायचा, पाणी तापेपर्यंत थांबायचं, अंगावरचे कपडे काढायचे, थंडी सोसायची. म्हणून तिचे तुकडे करा. आज फक्त गीझर लावायचा आणि टॉवेल दांडीवर टाकायचा, तेवढं झालं की काम झालं. पाणी तापलंच आहे तर पाय धुवायचे. उद्या स्टूल टाकून बसून दोन तांबे. केस धुणं वेगळ्या दिवसाचं काम. ज्या दिवशी काहीच होणार नाही त्या दिवशी ओल्या टॉवेलने तोंड, मान, काखा पुसून स्वच्छ सदरा किंवा गाऊन घाला. यालाही वहीत पूर्ण गुण द्या. अर्धी आंघोळ ही आंघोळच आहे.

रात्रीसाठी नियम थोडे आहेत. अंथरुणावर फक्त झोपायचं. जेवण, मोबाइल, ऑफिसचं काम तिथे नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये निद्रानाशासाठी ही पद्धत मांडली आणि आजही झोपेच्या उपचारांत ती वापरली जाते. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, कंटाळवाणं काहीतरी करा, डोळे मिटायला लागले की परत या. एका खोलीत चार माणसं झोपत असतील तर दुसरीकडे जाणार कुठे? उठून भिंतीला टेकून बसा, तेवढंही पुरतं. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. दुपारी झोपल्याशिवाय चालतच नसेल तर तीनच्या आत, गजर लावून अर्धा तास.

विचार घोळवणं

ही सवय दिसत नाही, म्हणून सगळ्यात चिवट आहे. माणूस नुसता बसलेला दिसतो आणि आत तासन् तास चक्र चालू असतं: मीच असा का, तेव्हा तसं बोललो नसतो तर, त्याने माझ्याकडे तसं का बघितलं. अमेरिकन संशोधक सुसान नोलेन-होक्सेमा यांनी 1990 च्या दशकापासून यावर खूप काम केलं. उदास असताना आपल्या उदासीवर आणि तिच्या कारणांवर विचार करत बसणाऱ्यांची उदासी जास्त काळ टिकते आणि जास्त खोल जाते, असं त्यातून दिसून आलं. फसगत अशी, की घोळवताना आपण प्रश्न सोडवतोय असं वाटत असतं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पाच मिनिटं विचार केल्यावर करण्याजोगं काही निघालं का? एखादा फोन, एखादा अर्ज, कुणाशी बोलायचं ठरलं? निघालं असेल तर तो विचार कामाचा होता; लिहून घ्या. काहीच निघालं नसेल आणि तुम्ही फक्त आणखी खचला असाल, तर तुम्ही घोळवत होतात.

अशा वेळी विचार थांबवायला जाऊ नका, तो थांबत नाही. जागा बदला. बसला असाल तर उभे राहा, खोलीत असाल तर गच्चीवर किंवा जिन्यात जा. आणि हाताला असं काम द्या ज्यात डोळे आणि बोटं दोन्ही गुंततील: तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, झाडांची वाळकी पानं काढणं, सायकल पुसणं. टीव्ही याला उपयोगाचा नाही, त्याच्यासमोर बसून घोळवणं आरामात चालतं.

दुसरा उपाय म्हणजे काळजीला वेळ नेमून देणं. संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, वही घेऊन बसायचं आणि जे काही डोक्यात आहे ते लिहायचं. दिवसा विचार आला की त्याला साडेपाचची वेळ द्यायची. पहिले काही दिवस हे खोटं वाटतं, मग जमायला लागतं. लिहिताना 'का' ने सुरू होणारे प्रश्न खोडून 'आता काय' ने सुरू करा. 'माझीच नोकरी का गेली' याला उत्तर नाही. 'उद्या अकरा वाजता कुणाला फोन करायचा' याला आहे.

याच्याच जोडीला स्वतःला कोसणं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती इथे उपयोगी पडते. 'मला सगळं जमायलाच पाहिजे, नाहीतर मी नालायक' हे वाक्य कागदावर लिहा आणि त्याखाली लिहा: 'मला जमावं अशी माझी इच्छा आहे. आज जमलं नाही. त्याने मी नालायक ठरत नाही, आजचं काम राहिलं एवढंच.' मनातल्या मनात हे करू नका. कागदावर केलं तरच त्या पहिल्या वाक्याची जबरदस्ती नजरेला येते.

माणसं टाळणं

सगळ्यांशी एकदम संबंध पूर्ववत करायचे नाहीत. साठलेल्या मेसेजना एक ठरावीक उत्तर तयार ठेवा: 'मेसेज वाचला. सध्या तब्येत बरी नाही, चार दिवसांत बोलू.' रोज दोघांना पाठवा. उशीर का झाला याचा खुलासा करत बसू नका.

लग्न, मुंज, वास्तुशांत, हळदीकुंकू, इथे जायचं की नाही असा प्रश्न पडला की मन नाहीच म्हणतं. प्रश्न बदला: किती वेळ जायचं? अर्धा तास. जाण्याआधीच परतीची वेळ ठरवा, यजमानांना सांगून ठेवा की साडेबाराला निघणार आहे. 'काय मग, सध्या काय चाललंय?' याला एक वाक्य पाठ ठेवा: 'तब्येतीमुळे जरा विश्रांती घेतोय, तुमचं काय?' अर्ध्या तासाने खरोखर निघा, अगदी बरं वाटत असलं तरी. दिलेला शब्द पाळला की पुढच्या वेळी मन कमी आडमुठेपणा करतं.

आणि एका माणसाला खरं सांगा. एकच, पण भरवशाचा. त्याच्याकडे सल्ला मागू नका, एक ठरावीक मदत मागा: 'रोज सहा वाजता खालून हाक मार, आपण दोन फेऱ्या मारू.' नैराश्यात चालायला जाणं स्वतःच्या जोरावर जमत नाही, खाली कुणीतरी उभं असलं तर जमतं. परदेशात राहणाऱ्यांना हे आणखी कठीण आहे. हिवाळ्यात चारला अंधार, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना 'मजेत आहे' असं सांगायचं. त्यांना सगळं सांगायची तुमची तयारी नसेलही, पण भावंडांपैकी किंवा जुन्या मित्रांपैकी एकाला सांगा आणि घड्याळाच्या फरकाप्रमाणे रोजची वेळ बांधून घ्या.

दारू, मोबाइल, जेवण

दारूने झोप लागते, पण पहाटे तीनला जाग आणते, आणि त्या वेळचे विचार सगळ्यात काळे असतात. नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांसोबत ती घेणं धोक्याचं आहे. मात्र रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एका दिवसात स्वतःहून बंद करू नका. अंगाला कंप सुटणं, भास होणं, फिट येणं असे गंभीर त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या सभा महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात.

मोबाइलमधलं ॲप काढून टाकण्याचा निश्चय टिकत नसेल तर वापराची जागा बांधून घ्या: रील्स बघायच्या तर खुर्चीत बसून, आडवं पडून नाही. एवढ्यानेही वेळ घटतो.

जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाक जमत नाही म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढू नका. केळी, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी, दूध-पोहे, कुकरला एकत्र लावलेला डाळ-तांदूळ. यातलं काहीतरी दोन ठरावीक वेळांना पोटात जाऊ द्या. चव, भूक यांची वाट बघू नका.

औषधं मध्येच सोडणं

हीसुद्धा सवयच आहे आणि फार महाग पडते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. त्यामुळे गुण दिसायच्या आत गोळी बंद होते. दुसरी वेळ धोक्याची असते ती बरं वाटायला लागल्यावर. आता काय गरज, असं वाटतं. बरं वाटू लागल्यावरही साधारणपणे निदान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता वाढते. अचानक थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. सोडायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

'या गोळ्यांची सवय लागते' असं घरातले सांगतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेकदा झोपेच्या गोळ्या असतात. काही झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या थोडे दिवस देतात. नैराश्यावरची नेहमीची औषधं तशी नाहीत. तुमच्या चिठ्ठीतली कुठली गोळी कशासाठी आहे ते डॉक्टरांना सरळ विचारा आणि पाकिटावर पेनाने लिहून ठेवा.

घरच्यांसाठी थोडं

'आळस सोड', 'मन रमव', 'तुला काय कमी आहे' ही वाक्यं मायेपोटी येतात हे मान्य, पण ऐकणारा आणखी मिटतो. त्याचं सगळं काम अंगावर घेणंही बरोबर नाही. त्याने त्याच्या उरल्यासुरल्या कृतीही थांबतात. अर्धं काम सोबत करा. तुम्ही कपडे वाळत घाला, त्याला चिमटे लावू द्या. झालेल्या कामाची टिंगल नको आणि फार वाखाणणीही नको, 'झालं बघ' एवढं पुरे.

घसरल्यावर

घसरण होणारच. दोन आठवडे नीट गेलेले असतात आणि एखाद्या सोमवारी पुन्हा दुपारपर्यंत अंथरूण. अशा दिवसासाठी बरं असतानाच तीन कामांची यादी करून फ्रिजवर लावा: गोळी घेणं, काहीतरी खाणं, एकदा दाराबाहेर पाऊल टाकणं. त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी मूळ वेळापत्रकाचं जे काम सगळ्यात सोपं असेल तिथून पुन्हा सुरुवात. वही मागे उलटून बघा, पहिल्या आठवड्यातले आकडे आणि आत्ताचे आकडे शेजारी ठेवा.

महिना-दीड महिना करूनही आकडे हलत नसतील तर एकट्याने रेटत राहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे तपासणी आणि औषधं नाममात्र खर्चात मिळतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांचे बाह्यरुग्ण विभागही आहेत, तिथे गेलं म्हणजे दाखल व्हावंच लागतं असं नाही. गोव्यात बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं 2017 च्या कायद्यात आहे. पॉलिसीत काय लिहिलंय ते तपासून घ्या. जाताना ती वही सोबत न्या. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना जे तोंडाने सांगता येत नाही ते तिच्यातल्या दोन पानांत असतं.

वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या घसरणीच्या खुणा लिहून ठेवा. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात: कुणाचं वर्तमानपत्र घडी न उघडता पडून राहतं, कुणी दाढी सोडतं, कुणी भाजी आणणं बंद करून रोज बाहेरून मागवतं. ते पान घरातल्या एका माणसाला वाचायला द्या, आणि यातलं काही तीन दिवस सलग दिसलं तर मला विचार, असं सांगून ठेवा.